आधी एसएमपीएस बघा, मग कार्ड घ्या

जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड बसवण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत. जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच आहे: कुठलं कार्ड घेऊ? पण आठ-दहा वर्षं जुन्या मशीनमध्ये ही निवड आपल्या हातात फारशी उरलेली नसते. एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा), मदरबोर्डवरचा स्लॉट आणि कॅबिनेटमधली जागा या तिघांनी ती आधीच करून ठेवलेली असते. पत्र लिहिताना या तीन गोष्टी आवर्जून कळवा.

प्रश्न: २०१४ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे. आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, एसएसडी मागाहून बसवली. एसएमपीएस साधाच, वर ‘४५० वॅट’ लिहिलंय. मुलाला १०८०पी वर गेम खेळायचे आहेत. एक दुकानदार म्हणतो आरएक्स ५८० घ्या, दुसरा म्हणतो सगळं मशीनच बदला. काय करावं? (सांगली)

मशीन बदलायची गरज नाही, आणि आरएक्स ५८० तर या मशीनला मुळीच लावू नका. ते कार्ड १८५ वॅट खातं आणि त्याला ८ पिनांचा वेगळा पॉवर प्लग लागतो. तुमच्या एसएमपीएसला बहुधा तो प्लगच नसेल.

कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून एसएमपीएसचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातल्या ‘४५०’कडे लक्ष देऊ नका. खालच्या तक्त्यात ‘+१२ व्ही’च्या खाली जो अँपिअरचा आकडा आहे, तो खरा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात. समजा तिथे १६ अँपिअर लिहिलंय. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. स्वस्त एसएमपीएसमध्ये बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज फुगवलेली असते, आणि त्या वॅटांचा कार्डाला काही उपयोग नसतो. आता खर्च मांडा. आय५-४५७० चे ८४ वॅट, बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून तीस-चाळीस, आणि कार्डाचे ७५. दोनशेच्या घरात गेलात. म्हणजे सगळ्यात कमी विजेवर चालणारं गेमिंगचं कार्ड लावलं तरी हा एसएमपीएस काठावर आहे, आणि तो दहा वर्षांचा म्हातारा आहे. त्यातले कपॅसिटर सुकत आलेले असतात.

म्हणून पहिला खर्च एसएमपीएसवर. नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला, १२ व्होल्टवर ३० अँपिअरच्या पुढे देणारा ४५० वॅटचा पुरतो. उद्या मशीन बदललंत तरी तो पुढच्या मशीनला चालेल.

आता कार्ड. मदरबोर्डचा मोठा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो. तेवढ्यात भागणारी, वेगळा प्लग न लागणारी चार कार्डं बाजारात दिसतात: जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १६५०, आरएक्स ६४०० आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल. यातही दोन ठिकाणी फसायला होतं. १६५० ची काही मॉडेलं ६ पिनांचा प्लग मागतात, त्यामुळे खोक्यावरचा फोटो बघून कार्डाच्या कडेला सॉकेट आहे का ते तपासा. आणि ३०५० चं ८ जीबीवालं कार्ड वेगळं, ते १३० वॅटचं आहे. बिलावर ‘६ जीबी’ लिहून घ्या.

चौघांतून निवडताना तुमच्या एच८१ बोर्डाचा एक गुण आड येतो. तुमचा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातली जोडणी) ३.० जाणतो, पण एच८१ वर ग्राफिक्सचा स्लॉट २.० च्याच वेगाने चालतो. २.० मध्ये एका लेनमधून, म्हणजे डेटा जायच्या एका वाटेतून, सेकंदाला ५०० एमबी जातात, ३.० मध्ये साधारण १ जीबी. १६५० सोळाही लेन वापरतं, म्हणजे तुमच्याकडे त्याला ८ जीबीचा रस्ता मिळेल. ३०५० (६ जीबी) आठच लेन वापरतं, त्याला ४ जीबीचा. आरएक्स ६४०० फक्त चार लेनचं, त्याला जेमतेम २ जीबीचा. त्यात त्या कार्डाची मेमरी ४ जीबी. ती भरली की कार्डाला रॅममधून सारखी ने-आण करावी लागते, आणि गेम नेमका मारामारीच्या वेळी अडखळतो. तेव्हा ६४०० तुमच्यासाठी बाद. नवं घेणार असाल तर ३०५० (६ जीबी) घ्या. रस्ता अरुंद असला तरी मेमरी जास्त असल्यामुळे ने-आण कमी होते, आणि या कार्डाला ड्रायव्हर अजून बरीच वर्षं मिळत राहतील. खर्च आवरायचा असेल तर वापरलेलं, बिनप्लगचं १६५० चांगलं.

त्याच फेरीत ८ जीबीची आणखी एक, शक्यतो तशीच पट्टी आणा. एच८१ ला दोनच स्लॉट असतात आणि कमाल १६ जीबी चालते. एका पट्टीवर मेमरीचा वेग निम्मा राहतो, आणि जुन्या चार कोरच्या प्रोसेसरला तो जाणवतो. एवढं करूनही काही नवे गेम अडखळतील. मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणून बघा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. तेवढ्याच राहिल्या तर अडचण प्रोसेसरची आहे, आणि याहून महागड्या कार्डाने ती सुटणार नाही.

प्रश्न: कार्डाला ६ पिनांचा प्लग हवा होता, एसएमपीएसला नव्हता. दुकानातून साटाच्या वायरला जोडायचा कन्व्हर्टर दिला. आठवडाभर नीट चाललं, आता गेम खेळताना जळका वास येतो. (छत्रपती संभाजीनगर)

हे वाचत असाल तेव्हा मशीन बंद असू दे. कन्व्हर्टर काढा आणि परत वापरू नका. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. ६ पिनांच्या प्लगमधून कार्ड ७५ वॅट मागू शकतं. त्या बारीक पिना तापतात, भोवतालचं प्लास्टिक मऊ होतं, पिना सरकून एकमेकींना टेकतात. प्लग उपसून बघितलात तर कडेचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा फुगलेलं दिसेल. त्या वायरवर हार्ड डिस्कही जोडलेली असेल तर पहिल्यांदा तिच्यातल्या फायलींची दुसरीकडे प्रत काढा, पण दुसऱ्या वायरवरून.

मोलेक्सच्या (जुन्या, मोठ्या चार पिनांच्या) दोन प्लगांवरून एक ६ पिनांचा प्लग काढणारा कन्व्हर्टर यापेक्षा बरा. तरी ज्या एसएमपीएसला मुळात ६ पिनांचा प्लग दिलेला नाही, तो त्या कार्डासाठी बनवलेलाच नाही.

याच जातीची आणखी एक चूक जीवघेणी ठरते. प्रोसेसरसाठीचा ८ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा प्लग दिसायला सख्खे भाऊ. पण प्रोसेसरच्या प्लगमध्ये चार वायरी १२ व्होल्टच्या आणि चार अर्थच्या असतात, कार्डाच्या प्लगमध्ये तीन १२ व्होल्टच्या आणि पाच अर्थच्या. पिवळ्या वायरी मोजा, लगेच ओळखू येतं. सगळ्या वायरी काळ्या असतील तर प्लगवरची अक्षरं वाचा. जोर लावून बसवावा लागतोय म्हणजे चुकीच्या जागी बसवताय.

प्रश्न: ऑफिसातून निघालेलं, रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० घेतलं आहे, लहान आडवं कॅबिनेट. थोडं व्हिडिओ एडिटिंग करायचं आहे. एसएमपीएस मोठा टाकून चांगलं कार्ड लावता येईल का? (पुणे)

एसएमपीएस बदलायचा विचार सोडा. तुमच्या लहान कॅबिनेटमधला एसएमपीएस २५५ वॅटचा आहे. त्याचा आकार वेगळा आणि बोर्डाला जाणारा मुख्य प्लगही ८ पिनांचा आहे, बाजारातल्या साध्या २४ पिनांचा नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण त्या डब्यात साधा एसएमपीएस मावतच नाही. चांगली गोष्ट अशी, की या मशीनमधले २५५ वॅट हिशेबाने खरे असतात. असेंबल्ड मशीनमधल्या फुगवलेल्या ४५० पेक्षा यावर ७५ वॅटपर्यंतचं कार्ड सहसा नीट चालतं.

खरी अडचण उंचीची आहे. तुम्हाला ‘लो प्रोफाइल’, म्हणजे अर्ध्या उंचीचं कार्ड हवं. साध्या कार्डाची मागची लोखंडी पट्टी १२० मिलिमीटरची असते, लो प्रोफाइलची ८० च्या आत. खोक्यात आखूड पट्टी वेगळी दिलेली आहे का ते दुकानातच उघडून बघा. वापरलेल्या कार्डांबरोबरची ही पट्टी हमखास हरवलेली असते, आणि सुटी मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. मग कार्डाची जाडी: एका स्लॉटचं की दोन? शेजारच्या स्लॉटमध्ये काही बसवलेलं असेल तर दोन स्लॉटचं कार्ड बसणार नाही. फूटपट्टी लावून लांबीही मोजा, पुढे डिस्कचा खण आडवा येतो.

एडिटिंगसाठी आरटीएक्स ३०५० (६ जीबी) चं लो प्रोफाइल मॉडेल घ्या. आरएक्स ६४०० एका स्लॉटचं मिळतं, ५३ वॅटमध्ये भागतं, आणि तुमच्या क्यू८७ बोर्डाचा स्लॉट ३.० चा असल्याने इथे त्याची फार कोंडी होत नाही. पण त्या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच नाही. एडिट केलेली फाइल बाहेर काढताना सगळा भार प्रोसेसरवर पडेल. तुमच्या कामाला ते चालणार नाही.

प्रश्न: कार्ड आणलं आहे. दुकानात मशीन न्यायचं नाही, घरीच बसवायचं आहे. पायरी-पायरीने सांगाल का? (लातूर)

जरूर. आदल्या दिवशी कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवा. आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल, म्हणजे एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट जात असाल, तर सेफ मोडमध्ये जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुना ड्रायव्हर साफ करा. आजवर नुसतं बोर्डावरचं ग्राफिक्स वापरत असाल तर काहीच काढू नका.

मशीन बंद करा, भिंतीतला प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज त्याने निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं झोपवा, बोर्ड वर येईल असं. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड हाताने तोलत बसवताना ते तिरकं जातं. खाली सुती चादर चालेल, सतरंजी किंवा लोकरीचं काही नको. हिवाळ्यात तुमच्याकडे हवा कोरडी असते, तेव्हा दर दोन-चार मिनिटांनी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावत जा, म्हणजे अंगातली स्थिर वीज कार्डावर उतरणार नाही.

कार्ड स्लॉटवर नुसतं धरून मागच्या कुठल्या पट्ट्या काढायच्या ते ठरवा. स्वस्त कॅबिनेटमध्ये या पट्ट्या स्क्रूच्या नसतात, पत्र्यालाच कापून ठेवलेल्या असतात. स्क्रू ड्रायव्हरने मागे-पुढे वाकवून तोडाव्या लागतात आणि कडा ब्लेडसारख्या निघतात, बोटं सांभाळा. स्लॉटच्या टोकाचा प्लास्टिकचा खटका उघडा. कार्डाची सोनेरी कड स्लॉटवर आणून दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. खटका ‘टक्’ करून आपोआप वर येतो. तो आला नाही तर कार्ड बसलेलं नाही.

यानंतर मागचा स्क्रू. आणि घरी बसवणाऱ्यांचं निम्मं नुकसान इथेच होतं. पातळ पत्र्याचं कॅबिनेट जरा वाकडं असतं. स्क्रू आवळला की कार्डाची मागची पट्टी खेचली जाते आणि दुसरं टोक स्लॉटमधून केसभर उचकटतं. स्क्रू आवळून झाल्यावर डोळे स्लॉटच्या पातळीला आणून बघा. सोनेरी कड एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी दिसत असेल तर स्क्रू सैल करा, पत्रा हाताने थोडा वाकवा आणि पुन्हा आवळा.

जुन्या लहान बोर्डांवर डिस्कच्या साटा केबलींची तोंडं नेमकी कार्डाखाली येतात. सरळ तोंडाची केबल कार्डाला टेकून निसटते आणि मग ‘डिस्क सापडत नाही’ अशी ओरड होते. काटकोनी तोंडाची केबल आणून ठेवा. पॉवरचा प्लग असेल तर जोडा, कुठलीही वायर पंख्याला लागत नाही ना ते बघा.

मॉनिटरची केबल आता कार्डाला लावायची, बोर्डाच्या जुन्या जागी नाही. विंडोज सुरू झाल्यावर पहिल्यांदा सगळं मोठं-मोठं, भोंगळ दिसेल. ड्रायव्हर टाकला की नीट होतं. शेवटी ‘जीपीयू-झेड’ हा छोटा मोफत प्रोग्राम चालवून ‘बस इंटरफेस’ची ओळ वाचा. मशीन निवांत असताना तिथे १.१ असा वेग दिसतो, तो वीज वाचवण्यासाठी असतो, घाबरू नका. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून कार्डावर भार टाका, मग खरा आकडा येतो. सोळा लेनचं कार्ड असून ‘x४’ किंवा ‘x१’ दिसलं तर कार्ड काढून परत बसवा.

प्रश्न: कार्ड बसवलं, पंखा फिरतो, पण मॉनिटर काळाच. कार्ड दुकानात चालतं. (रत्नागिरी)

दुकानात चालतं म्हणजे कार्ड ठीक. केबल कार्डालाच लावली आहे, खटका लागला आहे आणि प्लग असल्यास तो जोडला आहे, असं धरून पुढे जातो.

किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये आधी स्लॉट आणि रॅमच्या कडा तपासा. तुमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत सात-आठ वर्षं पडून असलेल्या रॅमच्या सोनेरी कडेवर काळपट साय धरते. स्लॉट वापरातच नसेल तर त्याच्या पिनांवरही तसाच थर चढतो. रॅमची कड पांढऱ्या मऊ खोडरबरने एकाच दिशेने घासा, भुगा ब्रशने झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. स्लॉटमध्ये खोडरबर घालू नका. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने झाडा, वाळू द्या, आणि कार्ड चार-पाच वेळा काढून-घालून बघा. या घर्षणानेच बऱ्याचदा पिना उघड्या होतात.

तरीही काळा असेल तर कार्ड काढून केबल बोर्डाला लावा, म्हणजे चित्र दिसेल. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) जाऊन ‘इनिशियल डिस्प्ले आउटपुट’ किंवा ‘प्रायमरी डिस्प्ले’ असं सेटिंग शोधा आणि ते ‘पीईजी’ किंवा ‘पीसीआयई’ करा. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्याच मॉडेलचं शेवटचं बायोस आहे का बघा. २०१२-१३ च्या बोर्डांवर नवीन कार्ड ओळखलं न जाण्याचं हे नेहमीचं कारण असतं. बायोस टाकताना मशीन यूपीएसवर असू दे. मध्येच लाईट गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो.

नवी काही कार्डं बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तरच चित्र देतात, त्यासाठी ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करावं लागतं. पण थांबा: तुमचं विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेलं असेल तर सीएसएम बंद केल्याबरोबर ते सुरूच होणार नाही. विंडोज १० मधल्या ‘एमबीआर२जीपीटी’ने डिस्क आधी बदलून घ्या, आणि त्याही आधी बॅकअप. २०१० च्या आसपासच्या, यूईएफआय मुळातच नसलेल्या बोर्डावर नव्या पिढीच्या कार्डामागे लागू नका. तिथे जीटीएक्स ७५० टीआय किंवा १०५० टीआय सारखी कार्डं बहुधा चालून जातात.

प्रश्न: जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा आहे. कार्डाला व्हीजीए नाही. (वर्धा)

एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. नुसती एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए अशी वायर मिळते, तिने चित्र येत नाही. जीटीएक्स १० मालिकेपासून एनव्हिडियाने कार्डातून अॅनालॉग सिग्नल काढूनच टाकला आहे, त्यामुळे डीव्हीआयच्या तोंडाला लावायचं छोटं व्हीजीए बूचही या कार्डांवर निरुपयोगी.

प्रश्न: जीटीएक्स १०५० टीआय आहे. हिवाळ्यात व्यवस्थित, पण एप्रिल लागला की वीस मिनिटांत गेम रखडतो. तापमान ८४ दाखवतं. कार्ड गेलं का? (अकोला)

गेलेलं नाही, स्वतःला वाचवतंय. ८३-८४ अंशांच्या आसपास ही कार्डं आपणहून वेग उतरवतात. तुमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात आणि खोलीत चाळिशी. हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पत्रे) कार्डाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, म्हणजे सुरुवातच दहा-पंधरा अंश वरून होते.

कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या त्या लाकडी कप्प्यात आहे का? मागून भिंत, तिन्ही बाजूंनी लाकूड. गरम हवा तिथेच फिरून परत आत जाते. कॅबिनेट बाहेर काढून मोकळ्या जागी, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. एक पैसा न लागता बराच फरक पडेल.

मग धूळ. पंख्याच्या पात्यांवरची दिसते ती नव्हे, हीटसिंकच्या पत्र्यांत पंख्याखाली गादीसारखी दाबून बसलेली. ती नुसती फुंकून निघत नाही. कार्ड बाहेर काढा, पंखा एका बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर मारा. पंखा मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

यानेही भागलं नाही तर थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. पाच-सहा वर्षांनी ती खडूसारखी होते. हीटसिंकचे चार स्क्रू एकदम एक पूर्ण काढू नका, समोरासमोरचे थोडे-थोडे सैल करत न्या, आणि पंख्याची छोटी वायर बोर्डाला जोडलेली असते ती ओढू नका. अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसून वाटाण्यापेक्षा लहान थेंब मध्यभागी ठेवा. मेमरीच्या चिपांवर रबरासारखे पॅड असतील तर ते जसेच्या तसे जागेवर राहू द्या.

उन्हाळ्यापुरता एक सोपा उपाय म्हणजे ‘आफ्टरबर्नर’ या प्रोग्राममध्ये ‘पॉवर लिमिट’ (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्या कमी होतील, पण एकसारख्या मिळतील, आणि खेळताना हेच जास्त सुखाचं असतं.

प्रश्न: लॅमिंग्टन रोडवरून वापरलेलं कार्ड घ्यायचा विचार आहे. खोटी कार्डं कशी ओळखायची? (डोंबिवली)

मशीनवर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पेन ड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड घेऊन जा. जुन्या, टाकाऊ कार्डाचं बायोस बदलून त्याला ‘१०५० टीआय ४ जीबी’ असं नाव चिकटवलेली कार्डं फिरतात. विंडोज ते नाव खरं मानतं, पण जीपीयू-झेडच्या नव्या आवृत्त्या अशा एनव्हिडिया कार्डांच्या नावापुढे ‘फेक’ असं दाखवतात. डोळ्यांनी ओळखायची खूण म्हणजे मागचं निळं व्हीजीए तोंड. वर वर्ध्याच्या पत्राला उत्तर देताना म्हटल्याप्रमाणे खऱ्या १०५० टीआयमध्ये अॅनालॉग सिग्नलच नाही.

दुसरा प्रकार खोटा नाही, पण दिशाभूल करणारा आहे. ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ या नावाची कार्डं स्वस्तात मिळतात. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राचे हिशेब करणारे छोटे भाग) असतात, यात २०४८, म्हणजे आरएक्स ५७० इतकेच. ५७० च्या भावात मिळत असेल तर जरूर घ्या.

कार्डावर अर्धा तास भार टाकून बघा. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा चमकल्या तर मेमरी गेलेली आहे. पंख्याचा घरघराट ऐका. मधल्या चिपभोवती चिकट, पांढुरके डाग असतील तर चिप तापवून पुन्हा बसवलेली असते. असं कार्ड कितीही स्वस्त असलं तरी नको, ते काही महिन्यांत परत बिघडतं.

प्रश्न: गेम खेळत नाही. यूट्यूबवर ४के व्हिडिओ अडकतात. दुकानदार जीटी ७३० नवं देतोय. (जळगाव)

घेऊ नका. यूट्यूब ४के व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या दाबून लहान करायच्या पद्धतींत पाठवतं, आणि जीटी ७३० ला यातलं एकही उलगडता येत नाही. भार पुन्हा प्रोसेसरवरच. त्या पिढीच्या कार्डांना नवे ड्रायव्हरही बंद झाले आहेत. जीटी १०३० व्हीपी९ उलगडतं, ३० वॅट खातं, पण जीडीडीआर५ मेमरीचंच घ्या. त्याच नावाने डीडीआर४ चं कार्डही विकतात, त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला सुमारे १७ जीबी, जीडीडीआर५ चा ४८. १०३० आणि १०५० टीआय या पिढीला ऑक्टोबर २०२५ नंतर नियमित ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेची अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. तुमच्या वापराला तेवढं पुरेल. मात्र मॉनिटर १०८०पीचा असेल तर यूट्यूबमध्ये १०८०पी निवडा आणि पैसे वाचवा.

प्रश्न: प्रिंटिंग प्रेस आहे. कोरल ड्रॉ उघडायला दोन मिनिटं लागतात. कार्ड लावू का? (इचलकरंजी)

नको. एसएसडी लावा, रॅम १६ जीबी करा, आणि फॉन्टचं फोल्डर उघडून बघा. डीटीपीच्या मशीनवर वर्षानुवर्षं साचलेले शेकडो मराठी फॉन्ट प्रत्येक वेळी वाचले जातात. रोजच्या कामाचे पन्नास-साठ ठेवून बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, जॉब येईल तेव्हा टाका.

प्रश्न: कार्ड लावल्यापासून लाईट गेली की यूपीएस असून मशीन धाडकन बंद होतं. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. (सिन्नर)

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. गेम चालू असताना ७५ वॅटच्या कार्डासह तुमचं मशीन आणि मॉनिटर मिळून दोनशे-अडीचशे वॅट घेत असेल, म्हणजे कागदावर तो पुरायला हवा. आधी बॅटरीवर संशय घ्या. दोन-तीन वर्षं झालेली बॅटरी कमी भार ओढते, पण जास्त भार आला की तिचा व्होल्टेज कोसळतो. लाईट असताना, गेम बंद ठेवून, भिंतीतला यूपीएसचा प्लग काढून बघा. मशीन तग धरतं आणि गेम चालू असतानाच पडतं, असं दिसलं तर बॅटरी बदला.

नवी बॅटरी टाकूनही पडत असेल आणि एसएमपीएस नवा, ‘अॅक्टिव्ह पीएफसी’चा (वीज एकसारखी ओढणाऱ्या सर्किटचा) असेल, तर स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वीज त्याला बदलाच्या क्षणी मानवत नाही. मग १००० व्हीए, ६०० वॅटचा यूपीएस घ्या. शक्य असेल तर शुद्ध साइन वेव्हचा. लेझर प्रिंटर यूपीएसच्या मागच्या सॉकेटवर लावलेला असेल तर तो आजच काढून थेट भिंतीला लावा.